किलपेकचा ससा

छपराच्या कडेखाली एक कुत्रा आणि एक ससा गालाला गाल लावून बसले आहेत. कुत्र्याचे डोळे बटणासारखे गोल, कान लोंबते, चेहरा थोडा दमलेला. ससा त्याला खेटून. शिकार आणि शिकारी एकाच दगडात, एकाच चौकटीत, आणि दोघांनाही एकमेकांची भीती नाही. हे शिल्प मी पहिल्यांदा एका पुस्तकात फोटोत पाहिलं, तेव्हा मी शाळेत चित्रकला शिकवत होते. वाटलं, कुणीतरी अलीकडे गंमत म्हणून घडवलेलं असणार. खाली साल दिलं होतं, साधारण ११४०. तेव्हापासून मनात होतं, की हा ससा एकदा डोळ्यांनी बघायचा.

तो योग निवृत्तीनंतर आला. भाचा बर्मिंगहॅमला असतो. त्याच्याकडे गेले तेव्हा म्हटलं, मला लंडन नको, किलपेकला ने.

"मावशी, तिथं काय आहे?"

"गावचं देऊळ आहे," मी म्हटलं. तो हसला, पण त्यानं गाडी काढली.

किलपेक हे पश्चिम इंग्लंडमधल्या हेरफर्डशर परगण्यातलं गाव. हेरफर्ड शहराच्या नैर्ऋत्येला साधारण १४ किलोमीटर. वेल्सची हद्द इथून हाकेच्या अंतरावर आहे. गाव म्हणजे पाच-पंचवीस घरं, कुंपणाची झुडपं, मेंढ्या आणि लाल माती. आमच्याकडच्या काळ्या रानात वाढलेल्या माणसाला ती लाल माती लगेच डोळ्यांत भरते. चर्चही त्याच मातीच्या रंगाचं, तांबड्या वालुकाश्माचं. उंच मनोरा नाही, काही नाही. पश्चिमेच्या टोकाला छपरावर घंटेपुरती एक लहानशी कमान, बास. लांबून बघितलं तर एखादं मोठं कोठार वाटावं.

मी त्याला गावचं देऊळ म्हटलं, ते उगीच नाही. पॅरिश चर्च म्हणजे नुसती प्रार्थनेची जागा नव्हे. पॅरिश म्हणजे शीव. अमुक ओढ्यापासून तमुक टेकडीपर्यंतचं प्रत्येक घर या चर्चचं. त्या घरात मूल झालं की बाप्तिस्मा इथे, लग्न इथे, माती इथे. शेतात पिकलं की दहावा वाटा चर्चला. १५३८ पासून तर बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाची नोंदही प्रत्येक पॅरिशनं वहीत ठेवायची, असा सरकारी हुकूमच होता. आपल्याकडे ग्रामदैवत, चावडी आणि कुलकर्ण्याचं दप्तर एका छपराखाली आणलं तर जे होईल, ते म्हणजे इंग्लंडमधलं मध्ययुगीन गावचं चर्च.

किलपेकला त्याहून जुना इतिहास आहे. हा भाग मुळात वेल्श लोकांचा, एर्गिंग नावाच्या छोट्या राज्याचा. चर्च मेरी आणि डेव्हिड या दोघांच्या नावाचं आहे, आणि डेव्हिड हा वेल्सचा संत. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि ही जहागीर विल्यम फिट्झ नॉर्मन या सरदाराकडे आली. त्यानं चर्चला लागूनच मातीची टेकडी रचून गढी बांधली. ती टेकडी आजही चर्चच्या पश्चिमेला उभी आहे, वर दगडी भिंतीचे दोन तुकडे उरलेत. त्याचा मुलगा ह्यू. ह्यूनं ११३४ मध्ये इथलं चर्च ग्लॉस्टरच्या मठाला दिलं, आणि त्याच्याच काळात आजची ही इमारत उभी राहिली. त्या वेळी आमच्या मराठवाड्यावर कल्याणीच्या चालुक्यांचं राज्य होतं आणि अंबरनाथचं शिवमंदिर बांधून ऐंशी वर्षं झाली होती. हे मनात धरून दारापुढे उभं राहिलं की परकेपणा निम्मा गळतो.

दार दक्षिणेला आहे. मी त्याच्यापुढे तासभर उभी होते.

आपण देवळाच्या दाराकडे बघताना आधी द्वारशाखा, म्हणजे दाराच्या बाजूंच्या कोरीव पट्ट्या बघतो, मग ललाटबिंब, म्हणजे वरच्या पट्टीच्या मधोमधची मूर्ती, मग उंबऱ्यावरचं कीर्तिमुख. इथेही नजर तशीच फिरली. दाराच्या वरच्या अर्धगोलात, जिथे आपल्याकडे गणपती किंवा गजलक्ष्मी असते, तिथे एक वेल आहे. जाड दांड्याची, फळांनी वाकलेली. हा जीवनवृक्ष. त्याच्याभोवती कमानीत एकापुढे एक प्राणी, पक्षी, मासा आणि ओळखता न येणारी जनावरं बसवली आहेत. दोन्ही बाजूंच्या बाहेरच्या दगडांवर सर्प एकमेकांची शेपटी गिळत सरपटताहेत. आतल्या एका खांबावर वेलींच्या जाळ्यात अडकलेले दोन योद्धे आहेत, अंगाला विजारी आणि डोक्यावर टोकदार टोप्या. आणि खांबाच्या माथ्यावर एक तोंड आहे, ज्याच्या जबड्यातून दोन्हीकडे पानांच्या वेली बाहेर पडतात.

हे तोंड बघून मी भाच्याचा दंड धरला. आमच्या गावच्या महादेवाच्या उंबऱ्यावर असंच तोंड होतं. डोळे वटारलेले, गाल फुगलेले, जबड्याच्या दोन्ही कोपऱ्यांतून बाहेर पडणाऱ्या वेली. आजी आम्हाला उंबरा ओलांडताना वाकून त्याला हात लावायला लावायची. त्यानं सगळं खाल्लं, स्वतःचं अंगसुद्धा खाल्लं, म्हणून महादेवानं त्याला दारात मान दिला, असं सांगायची. इंग्लंडमध्ये या पानमुखाला 'ग्रीन मॅन' म्हणतात. ते नाव विसाव्या शतकातलं आहे. घडवणाऱ्या पाथरवटानं त्याला काय नाव दिलं होतं, ते त्याच्याबरोबरच गेलं. दोन्ही तोंडांचा एकमेकांशी काही संबंध आहे असं मी म्हणणार नाही. दगडाच्या माणसाला कोपरा भरायचा असतो, तोंड सुचतं, तोंडातून काहीतरी बाहेर यावंसं वाटतं, इतकंही पुरे असेल. पण माझ्या बोटांना ते गाल ओळखीचे वाटले, हेही खरं.

आमच्या गावचं ते तोंड आता नाही. ते सांगते नंतर.

किलपेकची खरी गंमत छपराखाली आहे. भिंत संपते आणि छप्पर सुरू होतं तिथे सगळ्या इमारतीभोवती छपराची कड पेलणाऱ्या कोरीव दगडी ठोकळ्यांची रांग आहे. इंग्रजीत त्यांना कॉर्बेल म्हणतात. आपल्या देवळात खांबाच्या डोक्यावर तुळई पेलणारे कीचक असतात ना, पोट फुगलेले, दात विचकणारे, तेच काम. इथे त्यांतले ८५ शिल्लक आहेत आणि जवळजवळ प्रत्येक वेगळा. डुकराचं तोंड, मेंढ्याचं तोंड, सारंगीसारखं वाद्य वाजवणारा माणूस, मिठीतलं जोडपं, चोचीत काहीतरी धरलेला पक्षी, मधेच क्रूस घेतलेलं कोकरू, म्हणजे साक्षात ख्रिस्ताचं प्रतीक, आणि त्याच रांगेत माझा कुत्रा नि ससा. देव, जनावर, तमाशा सगळे एका पंगतीला. मान दुखेपर्यंत मी एकेक मोजत चर्चला प्रदक्षिणा घातली. भाचा मागून छत्री धरून.

आणि मग चर्चच्या मागच्या, पूर्वेकडच्या अर्धगोल टोकाला, छपराखाली ती दिसली.

तिला शीला-ना-गिग म्हणतात. मोठं डोकं, मोठे डोळे, शरीर अगदी लहान, आणि दोन्ही हातांनी तिनं आपली योनी फाकवून धरली आहे. चर्चच्या भिंतीवर, वेदीच्या मागच्या बाजूला. अशी शिल्पं आयर्लंड आणि ब्रिटनमधल्या अनेक मध्ययुगीन चर्चवर आणि गढ्यांवर आहेत, त्यांत किलपेकची सर्वांत प्रसिद्ध. तिचा अर्थ काय, यावर दीडशे वर्षं वाद चालू आहेत. कुणी म्हणतं, वासनेपासून सावध करण्यासाठी. कुणी म्हणतं, दृष्ट लागू नये म्हणून. कुणी तिला जुन्या मातृदेवतेकडे नेतं.

भाचा अवघडला. म्हणाला, "मावशी, हे इथं कसं काय?"

मी त्याला तेरची आठवण दिली. आमच्या जिल्ह्यातलं तेर, लहानपणी त्याला तिथल्या संग्रहालयात मीच नेलं होतं. तिथे लज्जागौरी आहे. डोक्याच्या जागी कमळ, पाय दुमडून पसरलेले. तिला चेहरा नाही, हिला चेहराच जास्त. ती शांत, प्रसवणारी, पूजेतली. ही टक लावून बघणारी, भिंतीवर टांगलेली, हिची पूजा कधी झाली असेल असं वाटत नाही. दोघींना बहिणी म्हणण्याचा मोह मला झाला होता, पण जवळून बघितल्यावर तो गेला. फक्त एक गोष्ट दोघींना लागू आहे. मधल्या काळातल्या सभ्य माणसांना दोघींकडे सरळ बघता आलं नाही. लज्जागौरी हे नाव तिला नंतर मिळालं, आपल्या लाजेतून. आणि किलपेकचं पुस्तक १८४२ मध्ये काढणाऱ्या जॉर्ज रॉबर्ट लुइस या चित्रकारानं, ज्यानं इथला दगड न् दगड कागदावर उतरवला, त्यानंही हिची फाक वर छातीत सरकवली आणि तिला विदूषक ठरवलं. चित्रकलेची शिक्षिका म्हणून सांगते, हात चुकल्यानं असं होत नाही. डोळा बघायला तयार नसला की होतं.

आत गेलो तेव्हा एक म्हातारी बाई फुलदाणीत फुलं लावत होत्या. आतून चर्च तीन खणांचं आहे. आधी लोकांनी बसायचा लांब भाग, मग पुरोहिताचा भाग, मग वेदीचा अर्धगोल. सभामंडप, अंतराळ, गाभारा. प्रत्येक कमानीबरोबर जागा अरुंद होत जाते आणि नजर पूर्वेला ओढली जाते. शेवटचा अर्धगोल बघून मला पुन्हा तेर आठवलं, तिथलं त्रिविक्रमाचं देऊळ. ते मुळात विटांचं चैत्यगृह, पाठ हत्तीच्या पाठीसारखी गोल. कार्ल्याच्या लेण्यातही तसंच. मधल्या कमानीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन संत एकाच्या डोक्यावर एक उभे आहेत. असे खांबावर रचलेले पुरुष इंग्लंडमध्ये सहसा सापडत नाहीत. ते आहेत स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रेच्या चर्चमध्ये. आणि याच परगण्यातल्या शॉबडन गावात चर्च बांधणारा ऑलिव्हर द मर्लिमोंड हा कारभारी सांतियागोची यात्रा करून आला होता. त्यानं तिथे जे बघितलं, ते या भागातल्या पाथरवटांच्या हातापर्यंत पोचलं असावं, असं अभ्यासक मानतात. वारी करून आलेला माणूस गावात काहीतरी घेऊन येतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

दगडाचं एक तीर्थपात्रही आत आहे. गोल फुगलेलं, आणि त्याला दोन हातांनी मिठी मारलेली, जणू कुणी आपलंच भरलेलं पोट धरून बसलंय. मी त्या हातांवर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिले.

फुलंवाल्या बाईंनी विचारलं, कुठून आलात. मी सांगितलं. मग मी त्यांना विचारलं, वालुकाश्म इतका मऊ असतो, मग नऊशे वर्षं हे टिकलं कसं? तुम्ही काय लावता याला?

त्या म्हणाल्या, काही नाही. दगडाला आम्ही हात लावत नाही. आम्ही छपराच्या पन्हळी साफ करतो. पानं साचली की पाणी तुंबतं, पाणी भिंतीत उतरतं, आणि थंडीत तेच गोठून दगड फोडतं. म्हणून पन्हळी.

मला या उत्तरानं आत कुठेतरी दुखलं.

आमच्या गावचं महादेवाचं देऊळ हेमाडपंती. काळ्या दगडाचं, चुन्याशिवाय रचलेलं. पंधरा वर्षांपूर्वी गावानं वर्गणी काढली, जीर्णोद्धार ठरला. मीही वर्गणी दिली, पावती अजून कपाटात आहे. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. देव उजळ दिसावा, एवढीच सगळ्यांची इच्छा. खांबांना ऑइलपेंट लागला, कीचकांना पिवळा आणि दातांना पांढरा. गाभाऱ्यात टाइल्स बसल्या. दाराला चॅनेल गेट बसवायचं तर द्वारशाखा आड येत होती, ती कटरनं कापली. उंबरा घसरडा झाला होता, त्यावर ग्रॅनाइट आलं. कीर्तिमुख त्याच्याखाली आहे की फोडून काढलं, हे मी विचारलं तेव्हा कुणालाच नक्की सांगता येईना. आजीच्या हातानं गुळगुळीत झालेलं ते नाक. मी दिवाळीला गेले तेव्हा हे सगळं होऊन गेलं होतं. वर स्लॅब टाकला, त्याची पन्हळ मात्र कुणी काढली नाही. पावसाळ्यात पाणी आजही मागच्या भिंतीवरून ओघळतं.

किलपेक वाचलं कशामुळे? पन्हळींचं श्रेय आहेच. दगडही जातीचा निघाला. पण मला वाटतं, गावाची गरिबीही कामाला आली. मध्ययुगात गढीभोवती इथे तटबंदीचं गाव होतं. ते पुढे ओसरलं, घरांच्या जागा आता शेतात उंचवटे होऊन राहिल्यात. गढीही पडली. ज्या गावांत लोकरीचा पैसा आला, त्यांनी जुनी चर्चं पाडून मोठ्या खिडक्यांची, उंच मनोऱ्यांची नवी बांधली. किलपेकला तो पैसाच नव्हता, म्हणून ह्यूच्या काळचा आराखडा जवळजवळ तसाच राहिला. सोळाव्या शतकात धर्मसुधारणेच्या लाटेत इंग्लंडभर चर्चच्या आतल्या मूर्ती फोडल्या, रंगवलेल्या भिंतींवर चुना फासला. छपराखालच्या डुकराशी आणि सशाशी कुणाचं भांडण नव्हतं. १८४०च्या दशकात लुइस कॉटिंगहॅम या वास्तुतज्ज्ञानं दुरुस्ती केली, तीही जुन्याचा मान ठेवून.

पैसा आला असता तर काय झालं असतं, हे बघायला लांब जायला नको. मी भाच्याला म्हटलं, आता शॉबडन.

तासाभराचा रस्ता. शॉबडनचं चर्च किलपेकच्या थोडं आधीचं, त्याच परंपरेतल्या हातांचं. तिथले मालक श्रीमंत जमीनदार. १७५०च्या दशकात त्यांना जुनं चर्च काळोखी, ओबडधोबड वाटलं. त्यांनी ते पाडलं आणि त्या जागी पांढऱ्या-निळ्या रंगाचं, केकवरच्या साखरेच्या नक्षीसारखं नाजूक चर्च बांधलं. तेही सुंदर आहे, मी नाकारत नाही. आणि जुन्याबद्दल त्यांना अनादरही नव्हता. उलट आवडलं म्हणूनच जुनी मुख्य कमान आणि दोन दारं त्यांनी जपून काढली, आणि जवळच्या टेकडीवर हिरवळीवर शोभेसाठी उभी केली. उघड्यावर.

आम्ही चढून गेलो तेव्हा वारा होता. तीन कमानी आकाशात उभ्या. लांबून देखण्या. जवळ गेले आणि हात लावला. दगड वितळल्यासारखा. खांबांवर गाठी, फुगवटे, कुठे एक गुडघा वाटावा असं काहीतरी, कुठे पंख असावा. किलपेकच्या दारात ज्यांच्या विजारीच्या घड्या मोजता आल्या, त्यांचे भाऊबंद इथे नुसते उंचवटे झाले होते.

"मावशी, हे काय होतं?" भाच्यानं एका अर्धगोलावर बोट ठेवून विचारलं.

मला दगडावरून सांगता आलं नाही. सांगता येतं ते एकाच माणसामुळे. शीलाच्या बाबतीत ज्याच्यावर मी रागावले, त्याच लुइसनं १८५२ मध्ये शॉबडनचंही पुस्तक काढलं आणि तेव्हा जेवढं उरलं होतं तेवढं रेखाटून ठेवलं. या कमानींच्या प्लास्टरच्या प्रतिकृतीही लंडनच्या क्रिस्टल पॅलेस या प्रदर्शनाच्या महालात मांडल्या होत्या. तिथल्या आगीत त्याही गेल्या. म्हणजे मोठ्या महालातलं प्लास्टर राहिलं नाही, टेकडीवरचा दगड राहिला नाही, आणि कागद राहिला. त्याच्या चुकांसकट राहिला.

परतीच्या रस्त्यात मी फार बोलले नाही.

गावी आले ती सोबत जाड कागदाची वही घेऊन. तेव्हापासून दर शनिवारी सकाळी देवळात जाते. ऑइलपेंटखाली कोरीव काम बुजलंय, पण तिरप्या उन्हात कडा दिसतात. साडेसात ते नऊ ही वेळ चांगली. जिथे दिसत नाही तिथे डोळे मिटून बोटांनी चाचपते आणि मग काढते. दिसतं तेवढंच काढायचं, हा नियम स्वतःला घालून घेतलाय. नाक नसेल तर नाक काढायचं नाही. आठवणीतलं कीर्तिमुख मी एका वेगळ्या पानावर काढलंय आणि वर लिहिलंय, आठवणीवरून. गुरवाच्या सुनेनं पहिल्या दिवशी विचारलं, "बाई, काय करून ऱ्हायलात?" आता ती शिडी धरते. तिच्या मुलाला मी मागच्या भिंतीवरचं ओघळणारं पाणी दाखवलं, त्यानं कुठूनतरी पाइपाचा तुकडा आणून स्लॅबच्या कोपऱ्याला बसवला. यंदाच्या पावसाळ्यात बघू.

सभामंडपात बारा खांब आहेत, प्रत्येकाच्या डोक्यावर चार कीचक. आजवर १९ झालेत. विसावा ईशान्येच्या खांबावर आहे, त्याच्या डोक्यावर आग्या मोहोळ बसलंय. मोहोळ उठलं की शिडी तिकडे न्यायची आहे.